चोक ओढला तरच चालणारा ट्रॅक्टर

आम्ही अमेरिकेत बफेलो शहराजवळ राहतो. ईरी सरोवरावरून वारा सुटला की रात्रीत गुडघाभर बर्फ. माझा बागेचा ट्रॅक्टर १९८०च्या दशकातला, पुढे बर्फ उडवणारं यंत्र जोडलेलं. तेलपाणी वेळच्या वेळी, तरी यंदा पहिल्याच बर्फात रुसला. चोक (इंजिनात जाणारी हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढून ठेवला तर चालायचा, आत ढकलला की बंद. प्लग बदलला, फरक शून्य. (आधी प्लग बदलायची माझी जुनी खोड.) चोकवरच चालतो म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, हे उशिरा सुचलं.

कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) वाटी उघडली, तर तळाशी चिकट पिवळा साका! गवत कापताना भरलेलं इथेनॉलवालं पेट्रोल तसंच राहिलेलं. जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकात वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवली. पोलादी सुई घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर मारला, फिल्टर नवा, पेट्रोल ताजं. लागला एकदाचा.

मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. साखळ्या चढवल्या, मागे वजनं अडकवली, तेव्हा हलला. बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, शेजारच्या आजींचंही काढून द्या."

दिलं.