भविष्यवाणी स्वतःवर लावून कशी वाचावी

बायबलमधली संदेष्ट्यांची पुस्तकं हातात आली की बरेच जण लगेच हिशेब मांडायला बसतात: अमुक श्वापद म्हणजे कोणतं राष्ट्र, शेवट कोणत्या साली. मी चालवतो त्या वाचनगटात पहिला नियमच आहे, बातम्या दाराबाहेर ठेवून यायचं.

सुरुवात प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, नको. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 37वा अध्याय घ्या, पहिली 14 वचनं. आधी इतिहास बघा. इ.स.पू. 597मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांपैकी यहेज्केल एक. पुढे यरुशलेमही पडलं, मंदिर जळालं. आमची हाडं सुकली, आमची आशा गेली, असं ही माणसं खरोखरच म्हणत होती (वचन 11). एवढं माहीत नसताना वाचलं तर मनाला येईल तो अर्थ निघतो आणि वर त्यालाच आपण प्रेरणा म्हणतो.

मग मोठ्याने, सावकाश वाचा. सुक्या हाडांनी भरलेल्या खोऱ्यात यहेज्केलाला उभं करून, ही हाडं जिवंत होतील का, असं देव विचारतो. यहेज्केल ना हो म्हणतो, ना नाही. तूच जाणतोस, एवढंच. इथे वही उघडा आणि आपण मेली म्हणून सोडून दिलेली एक गोष्ट लिहा. 'माझं आध्यात्मिक जीवन' असलं मोघम नको. 'भावाशी बोलणं' चालेल.

आठव्या वचनावर रेंगाळा. खडखडाट झालाय, हाडाला हाड जुळलंय, स्नायू, मांस, कातडी सगळं चढलंय, आणि तरी श्वास नाही. उपास, प्रार्थना, उपासनेला हजेरी सगळं यथासांग चालू असलेल्या माणसाचं इतकं अचूक वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. श्वास येतो तो चारही दिशांकडून, बोलावल्यावर. 'सगळं तुझ्या आतच आहे' असं सांगणाऱ्यांना हा अध्याय साथ देत नाही, हे मला फार आवडतं.

नंतर आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय, पेन्सिल घेऊन. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब: इस्राएलाच्या एकेका शेजाऱ्याचे वाभाडे निघतात. 'बरं झालं' असं जिथे मनात येईल तिथे खूण करा. मग यहूदाची पाळी येते आणि शेवटी, सगळ्यात लांबलचक, खुद्द इस्राएलाची, म्हणजे आमोस ज्यांच्यापुढे बोलतोय त्यांचीच. गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकलंत, हा आरोप ऐकणाऱ्यांवरच आहे. आता आपल्या खुणांकडे परत जा. शेजाऱ्याचा जो दोष वाचून बरं वाटलं, तो आपल्या घरात कुठल्या रूपात आहे ते शोधा. बायकोच्या किंवा सासूच्या रूपात नव्हे!

योनाचं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं. चाळीस दिवसांत निनवे शहर उलथेल, असं योना संदेष्टा म्हणाला. लोक पालटले, शहर वाचलं, आणि हे महाशय रुसून बसले. आपलं भाकीत खरं ठरावं की माणूस वाचावा, यातलं आपल्याला काय हवंय, ते इथे तपासता येतं.

एवढं झाल्यावर प्रकटीकरण उघडा, तेही आधी दुसरा-तिसरा अध्याय, सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेली पत्रं. समुद्रातून वर येणारं श्वापद 13व्या अध्यायात आहे. ते कुठे पळून जात नाही.