मृगात ट्रे बदला, पण सगळ्याच बोन्सायचे नको

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि हवा दमट झाली, की वडवर्गीय बोन्सायची कामं काढावीत. जून-जुलैत या झाडांची मुळं जोरात वाढतात. म्हणून मुळांची छाटणी, ट्रे बदलणं, जाड फांदी उतरवणं हे सगळं ती याच दिवसांत सोसतात. शेजारी ठेवलेल्या अडेनियमला (फुगीर बुंध्याचं वाळवंटी झाड) किंवा जुनिपरला (थंड हवेतलं सूचिपर्णी झाड) मात्र तोच न्याय लावलात, तर ऑगस्टमध्ये रिकामा ट्रे उरेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी वडवर्गातलाच नांद्रुक घ्यावा. पान मुळातच लहान, कापलेली जागा लवकर भरते आणि जुन्या लाकडावरही कोंब फुटतात. वडाचं पान मोठं असतं. पण झाड जोमदार असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला देठ ठेवून पानं कापावीत, पुढची पालवी बारीक येते. ज्या झाडाचा ट्रे याच महिन्यात बदलला, त्याची पानं मात्र काढू नयेत. एका वेळी एकच घाव पुरे. भिंतीतून काढलेल्या पिंपळाचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याच्या दोन पानांमधलं अंतर लांब राहतं, छाटलेली फांदी कधी कधी मागेपर्यंत वाळत जाते. हात बसेपर्यंत त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रे बदलताना खाली सरळ जाणारी जाड मुळं कापा, तंतुमुळं राखा. एकूण मुळांपैकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. चीक वाहू लागला तर पाण्याचा फवारा मारा, थांबतो. झाड तारेने ट्रेच्या भोकांतून घट्ट बांधायलाच हवं. वाऱ्याने हलत राहिलं की नवी मुळं तुटतात. पुढचे दोन-तीन आठवडे ५० टक्के शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली) ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

शेतातली काळी माती ट्रेमध्ये नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे दोन भाग, पोयटा (गाळाची माती) एक भाग आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग असं मिश्रण घ्या. विटांची भुकटी आधी चाळून टाका, नाहीतर तीच निचऱ्याची भोकं बुजवते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते, आणि उथळ ट्रेमधली मुळं फस्त करायला दोन-तीन अळ्याही पुरतात. कोकणात विटांचं प्रमाण आणखी वाढवा. झडीच्या दिवसांत ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवला, तर पाणी साचत नाही.

ज्यांना विक्रीसाठी झाडं करायची आहेत त्यांनी ट्रेची घाई मुळीच करू नये. उथळ ट्रेमध्ये खोड जाड व्हायला वर्षानुवर्षं जातात, जमिनीत तेच काम तीन-चार पावसाळ्यांत होतं. निचऱ्याच्या उंच वाफ्यात किंवा बांधालगत रोप लावताना मुळांखाली फरशीचा तुकडा नाहीतर जुनं कौल ठेवा. मुळं खाली न जाता आडवी पसरतात आणि बुंध्याचा तोच फेर पुढे भाव मिळवून देतो. तळाजवळची एक फांदी न छाटता मोकाट वाढू द्यावी. ती बुंधा जाड करते. काम झालं की पुढच्या मृगात ती उतरवायची. चीक सुकल्यावर मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

आता मृगात ज्या झाडांच्या मुळांना हात लावायचा नाही ती. चिंचेचं सोटमूळ पानगळीनंतर, नवी पालवी फुटण्याच्या बेतात कापावं. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात. तिचंही काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करावं, तेही मातीचा गोळा पूर्ण न फोडता. अडेनियम मृगाआधीच छपराखाली न्या. माती वाळल्याशिवाय पाणी नको, बुंधा दाबून मऊ लागला तर कूज सुरू झाली समजा. जेडच्या (जाड, रसाळ पानांचं झुडूप) फांद्या लावायच्या असतील तर कापून चार-पाच दिवस सावलीत सुकवा, मगच लावा.

जुनिपर पावसाळ्यात विकत घेऊच नये. मेल्यानंतरही ते कित्येक आठवडे हिरवं दिसतं, त्यामुळे नर्सरीत फसगत होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत ते बरं राहतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकवणं अवघड.

दमट हवेत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यांत दडते. थोडी असेल तर जुन्या ब्रशने काढा. जास्त असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, पाऊस उघडल्यावर संध्याकाळी फवारा. वळण देण्यासाठी तार बांधलेल्या फांद्या दर पंधरवड्याला तपासा, कारण या दिवसांत फांदी झपाट्याने फुगते आणि तार सालीत रुतते. रुतायला लागलेली तार उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.