५० मेगापिक्सेल इथेही, तिथेही: दोन फोनची तुलना कशी करावी

सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ आणि गूगलचा पिक्सेल ८ यांचे तपशील शेजारी शेजारी मांडून बघा. स्क्रीन दोन्हींची ६.२ इंच, १२० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं). रॅम ८ जीबी. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल. पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा आयपी६८. अपडेट्सचं आश्वासन ७ वर्षांचं. जुळी भावंडंच म्हणायची! पण दोन्ही फोन आठ-आठ दिवस वापरले की वेगळेपण जाणवायला लागतं. तुलना कशी करायची हे शिकायला ही जोडी म्हणूनच चांगली. तुमच्या मनातली जोडी दुसरी असेल, पद्धत हीच चालेल.

आधी स्वतःची गॅलरी उघडा

तिप्पट झूमवर भाळून मी एकदा फोन घेतला होता. वर्षभराने गॅलरी चाळली, तर झूम करून काढलेले फोटो बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे कागदपत्रांचे, नाहीतर संध्याकाळी घरातल्या मंद उजेडात काढलेले. म्हणजे मला गरज होती कमी प्रकाशात नीट चालणाऱ्या मुख्य कॅमेऱ्याची आणि मी जास्तीचे पैसे मोजले लांबच्या लेन्ससाठी.

तेव्हा गॅलरीतले शेवटचे शंभर फोटो बघा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी सर्वात जास्त कोणतं ॲप खातं आणि स्टोरेज किती भरलंय ते पाहा. एवढ्यावरून आपल्या तीन खऱ्या गरजा कागदावर लिहा. तीनच. दहा लिहिल्यात तर दोन्ही फोन कशात ना कशात जिंकतील आणि तुम्ही होता तिथेच राहाल.

नाव एक, फोन दोन

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. गॅलेक्सी एस२४ काही देशांत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चिपसह विकला गेला, तर बऱ्याच देशांत एक्सिनॉस २४०० सह. त्यामुळे तुम्ही पाहिलेला व्हिडिओ आणि तुमच्या हाती येणारा फोन यांचं नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते. स्टोरेजचंही तसंच. एस२४च्या १२८ जीबीच्या आवृत्तीत यूएफएस ३.१ (स्टोरेजचा एक प्रकार) आहे आणि २५६ जीबीच्या आवृत्तीत त्याहून वेगवान यूएफएस ४.०. म्हणून परीक्षण वाचताना आधी चिप आणि स्टोरेज कोणतं ते शोधा. दिलेलं नसेल तर त्यातले वेगाचे आकडे सोडून द्या.

कॅमेरा: मेगापिक्सेल विसरून सेन्सर बघा

दोन्हींत ५० मेगापिक्सेल, पण पिक्सेल ८चा मुख्य सेन्सर (लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग) १/१.३१ इंचाचा आणि एस२४चा १/१.५६ इंचाचा. हा अपूर्णांक वाचायची युक्ती सोपी आहे: खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. क्षेत्रफळात हा फरक साधारण ४० टक्क्यांचा होतो. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो आणि अंधारात त्याचाच उपयोग होतो. उलट एस२४मध्ये ३ पट झूमची वेगळी लेन्स आहे, पिक्सेल ८मध्ये ती मुळीच नाही. स्टेजवरच्या मुलांचे फोटो काढणाऱ्याने एस२४कडे पाहावं. माझ्यासारख्याने सेन्सरकडे.

सेन्सर अर्धीच गोष्ट सांगतो, कारण फोटो शेवटी सॉफ्टवेअर घडवतं. दोन्ही फोन चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचं चित्र देतात. मग त्वचेचा रंग, सावलीतला उजेड, आकाशाचा निळेपणा हे सगळं ज्याची त्याची प्रक्रिया ठरवते. त्यामुळे चाचणी अशी घ्या: एकच जागा, एकच वेळ आणि तीन दृश्यं. एक माणूस खिडकीकडे पाठ करून बसलेला, एक हलणारी वस्तू आणि एक जवळजवळ अंधारी खोली. दोन्हींत फिल्टर बंद ठेवा. फोटो फोनच्या स्क्रीनवर न पाहता दोन्ही एकाच संगणकावर उघडा. नाहीतर कॅमेऱ्याऐवजी तुम्ही स्क्रीनचीच तुलना करत बसाल.

स्क्रीन

कागदावर एस२४चा कमाल उजेड २६०० निट्स (उजेड मोजायचं एकक), पिक्सेल ८चा २००० निट्स. हे आकडे स्क्रीनच्या छोट्या भागापुरते आणि भर उन्हातले असतात. दोन्ही फोन उन्हात धरून वाचून बघितले की काम झालं.

वेग मोजताना फसू नका

बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या ॲपचा, आकडा हा एका क्षणाचा जोर असतो. शिवाय काही फोन बेंचमार्कच्या ॲपला एक वागणूक देतात आणि रोजच्या ॲप्सना दुसरी. २०२२मध्ये याच कारणावरून गीकबेंच या बेंचमार्क ॲपने गॅलेक्सी एस२२सह सॅमसंगच्या चार पिढ्यांचे प्रमुख फोन आपल्या यादीतून काढले होते. त्याआधी २०२१मध्ये वनप्लस ९ मालिकेवर तीच वेळ आली होती.

त्यापेक्षा थ्रीडीमार्क या ॲपची ताण चाचणी लावा. तीत एक मिनिटाची फेरी २० वेळा चालते आणि शेवटी वेग किती टक्के टिकला ते कळतं. कव्हर काढा, चार्जर लावू नका, दोन्ही फोन एकाच खोलीत ठेवा. पहिल्या फेरीत पुढे असलेला फोन गरम होऊन विसाव्या फेरीत मागे पडू शकतो आणि तासभर गेम खेळणाऱ्याला हीच फेरी भोगायची असते.

हातात घेतल्यावर जो 'झटपट' वाटतो, त्यातला बराच भाग निव्वळ ॲनिमेशनचा असतो. अँड्रॉइडमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ॲनिमेशनचं प्रमाण दोन्ही फोनवर सारखं करा आणि मग ठरवा कोण चपळ. बऱ्याचदा निकाल बदलतो.

बॅटरी

बॅटरीची क्षमता पिक्सेल ८ची ४५७५ एमएएच, एस२४ची ४०००. म्हणून पिक्सेल जास्त टिकेल असं धरून चालू नका. चिप, स्क्रीन आणि सिग्नल हे तिघं किती पितात त्यावर ते ठरतं. घरी मोजायचं तर दोन्हींवर एकच व्हिडिओ, एकाच वाय-फायवर लावा. उजेडाचा स्लायडर दोन्हीकडे मध्यावर ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा 'मध्य' वेगळा. दोन्हींवर पांढरं पान उघडून शेजारी ठेवा आणि डोळ्यांना सारखं दिसेपर्यंत स्लायडर सरकवा.

मोठ्या बॅटरीचा भार हातालाही पेलावा लागतो: पिक्सेल ८ भरतो १८७ ग्रॅम, एस२४ १६७. वीस ग्रॅम विकत घेताना किरकोळ वाटतात, पण रात्री आडवं पडून वाचताना मनगटाला कळतात.

सॉफ्टवेअर

दोन्ही फोन अँड्रॉइड १४ घेऊनच बाजारात आले, तरी एस२४वर वन यूआयचा, म्हणजे सॅमसंगच्या स्वतःच्या रूपाचा, थर आहे. त्यात सोयी भरपूर, सेटिंग्जची पानंही तितकीच. पिक्सेलवर मामला सुटसुटीत. आवडीचा भाग सोडला तर तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली, अपडेट्सची मुदत. सात वर्षं मोजायची ती फोन बाजारात आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३चा, म्हणजे २०३०पर्यंत. एस२४ जानेवारी २०२४चा, म्हणजे २०३१पर्यंत. दोन वर्षांनी स्वस्तात घेतलात तर ती दोन वर्षं वजा करा.

दुसरी, एआयच्या सोयी. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जाहिरातीतली प्रत्येक करामत करून बघा. जी बंद पडली ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते, आणि सर्व्हरच्या अटी बदलू शकतात. एस२४ आला तेव्हा गॅलेक्सी एआय २०२५अखेरपर्यंत मोफत, अशी तळटीप होतीच.

तिसरी, रॅम. पिक्सेल ८ आणि ८ प्रो यांची चिप एकच, टेन्सर जी३. तरी फोनवरच चालणारं गूगलचं एआय, जेमिनी नॅनो, आधी १२ जीबीच्या प्रोला मिळालं. ८ जीबीच्या ८ला ते २०२४च्या मध्यावर आलं, तेही डेव्हलपर ऑप्शन्समधून चालू करावं लागेल अशा रूपात. हार्डवेअर पुढे सॉफ्टवेअरला कसं अडवतं याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

शेवटी तक्ता

आता तो तीन गरजांचा कागद काढा आणि फक्त त्या तीन ओळी भरा. एखाद्या ओळीत दोघं बरोबरीत आले तर ती खोडा.

एक चौथी ओळ मात्र प्रत्येकाने घालावी: आत्ता मनगटावर आणि कानात जे आहे ते नव्या फोनशी जुळतं का? ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडताच येत नाही. गॅलेक्सी वॉच पिक्सेलला जोडता येतं, पण त्यातला ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) मात्र सॅमसंगच्याच फोनवर चालतो.