चित्र दिसते, आवाज नाही: लिनक्सवरील दा विंची रिझॉल्व्हमध्ये एएसी ध्वनीची अडचण कशी सोडवावी

मोबाइलवर चित्रित केलेली फाइल लिनक्सच्या संगणकावर दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणावी, चित्र स्वच्छ दिसावे, आणि टाइमलाइनवर त्याखाली आवाजाची पट्टीच उमटू नये, हा अनुभव अनेकांना येतो. तीच फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडली की आवाज खणखणीत ऐकू येतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी बहुतेक जण आधी ध्वनीच्या सेटिंगशी झगडतात, मग सॉफ्टवेअर पुन्हा बसवतात आणि अखेरीस संपूर्ण व्हिडिओ एखाद्या ऑनलाइन रूपांतरकात घालून बदलून घेतात. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांत हानिकारक आहे, कारण त्यात ज्या चित्राची काहीच तक्रार नव्हती तेही बिघडते. दोष केवळ आवाजाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज संकुचित करून साठवण्याच्या पद्धतीत, असेल, तर केवळ आवाजच बदलावा आणि चित्राला हात लावू नये, या एका तत्त्वावर पुढील सर्व कृती आधारलेली आहे.

सर्वप्रथम दोष खरोखर कोडेकचाच आहे याची खात्री करून घ्यावी. त्याची सोपी कसोटी अशी, की टाइमलाइनवरील क्लिपमध्ये वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाची चढउतार दाखवणारी नक्षी, दिसते की नाही ते पाहावे. नक्षी दिसत असेल, तर सॉफ्टवेअरने आवाज वाचलेला आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे: ट्रॅक म्यूट झालेला असेल, किंवा प्राधान्यक्रमांतील ध्वनीच्या पानावर स्पीकरऐवजी मॉनिटरची एचडीएमआय जोडणी निवडली गेली असेल. नक्षी मुळीच नसेल, तर त्याच टाइमलाइनवर एखादी साधी वेव्ह फाइल ठेवून वाजवून पाहावी. ती वाजली आणि मोबाइलची क्लिप मात्र मुकी राहिली, तर संशय कोडेकवर घेण्यास हरकत नाही.

यानंतर फाइलच्या आत काय आहे ते पाहावे. एमपी४ किंवा एमओव्ही हे फाइलचे डबे आहेत. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने आणि आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे, हे झाकणावरच्या नावावरून कळत नाही. व्हीएलसीच्या ‘टूल्स’ मेनूमध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ हा पर्याय असतो. कंट्रोल आणि जे ही कळ एकत्र दाबली तरी तीच चौकट उघडते. त्यात प्रत्येक ट्रॅकचा कोडेक, नमुना दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, हर्ट्झमध्ये) आणि चॅनेलची संख्या लिहिलेली असते. अधिक तपशील हवा असेल, तर मीडियाइन्फो हे विनामूल्य साधन वापरावे. मोबाइलच्या फायलींमध्ये आवाजापुढे बहुधा ‘एएसी’ असे आढळते. वेबवरून उतरवलेल्या वेबएम फाइलमध्ये ‘ओपस’, आणि एव्हीसीएचडी पद्धतीच्या जुन्या हॅंडीकॅमच्या फाइलमध्ये ‘एसी-३’. ही नोंद कागदावर करून ठेवावी, कारण उपाय तिच्यावरच ठरतो.

आता मूळ कारणाकडे वळू. एएसी हे १९९७ साली प्रमाणित झालेले ध्वनिसंकोचन आहे आणि मोबाइलपासून यूट्यूबपर्यंत ते सर्वत्र रूढ आहे. पण ते आपल्या उत्पादनात देण्यासाठी निर्मात्यांना पेटंटचे परवाने घ्यावे लागतात. विंडोज आणि मॅकओएसमध्ये एएसी उलगडण्याची सोय कार्यप्रणालीतच असते आणि संपादन सॉफ्टवेअर तिचा आधार घेऊ शकते. लिनक्समध्ये सर्वांसाठी समान अशी परवानाधारक सोय नाही. त्यामुळे रिझॉल्व्हच्या लिनक्स आवृत्तीत एएसीचा आवाज वाचला जात नाही, असे चित्र किमान १८व्या आवृत्तीपर्यंत कायम होते. रिझॉल्व्ह बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी प्रत्येक मोठ्या आवृत्तीसोबत समर्थित कोडेकची यादी प्रसिद्ध करते. आपल्याकडे असलेल्या आवृत्तीची यादी उघडून लिनक्सच्या स्तंभात एएसीपुढे काय लिहिले आहे ते स्वतः पाहावे.

येथे दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे, कारण त्यांपायी लोकांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. पहिला असा, की उबंटू या लिनक्स वितरणात जादा कोडेकचे पॅकेज बसवले की रिझॉल्व्हमध्ये आवाज येईल. तसे होत नाही. व्हीएलसी आपले उलगडक स्वतःबरोबर बाळगते आणि इतर अनेक प्लेअर कार्यप्रणालीतील एफएफएमपेग वा जीस्ट्रीमर ही आवाज-चित्र उलगडणारी साधने वापरतात, पण रिझॉल्व्ह त्यांच्याकडे पाहतच नाही. विंडोजवरील कोडेक पॅकचीही हीच गत आहे: ते प्लेअरसाठी उपयोगी पडतात, व्यावसायिक संपादन सॉफ्टवेअरला त्यांचा सहसा उपयोग नसतो. दुसरा गैरसमज असा, की २९५ डॉलर भरून रिझॉल्व्हची सशुल्क स्टुडिओ आवृत्ती घेतली की हा प्रश्न मिटेल. लिनक्सवर स्टुडिओ आवृत्तीमुळे एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींनी संकुचित केलेले चित्र वाचण्याची सोय मिळते, आणि तो लाभ मोठा आहे. पण एएसीची उणीव वर सांगितलेल्या आवृत्त्यांपर्यंत सशुल्क आवृत्तीतही तशीच होती. केवळ आवाजासाठी कोणी ही खरेदी करणार असेल, तर त्याने आधी यादी वाचावी.

उपाय असा, की आवाज एएसीतून पीसीएममध्ये उलगडून घ्यावा. पीसीएम म्हणजे असंकुचित आवाज. तो उलगडण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही आणि संपादनाचे प्रत्येक सॉफ्टवेअर तो वाचते. त्यासाठी डबाही बदलावा लागतो, कारण एमपी४मध्ये पीसीएम ठेवण्याची पद्धत रुळलेली नाही. एमओव्हीमध्ये ती निर्धोक चालते. आवाजाचा फाइलमधील आकार मोठा होतो, पण हिशोब केल्यास घाबरण्यासारखे काही नाही. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट आणि दोन चॅनेल यांचा गुणाकार सेकंदाला १५,३६,००० बिट होतो, म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा मेगाबाइट आणि तासाला ७०० मेगाबाइटच्या आत. चित्र आहे तसेच उचलले जात असल्याने त्याचा आकार वाढत नाही, आणि रूपांतराला फाइल नकलण्याइतकाच, किंवा त्याहून किंचित अधिक वेळ लागतो.

चौकटी आणि बटणे हवी असणाऱ्यांसाठी शटर एन्कोडर हे विनामूल्य साधन सोयीचे आहे. त्यात फायली ओढून टाकाव्यात, ‘रीरॅप’ हे कार्य निवडावे, फाइलचा प्रकार एमओव्ही ठेवावा आणि ध्वनीच्या विभागात रूपांतरासाठी १६ बिटचा पीसीएम निवडावा. टर्मिनलची सवय असेल, तर एफएफएमपेग थेट वापरावे. आदेशात मूळ फाइलच्या नावानंतर चित्राच्या कोडेकपुढे ‘कॉपी’ लिहावे, आवाजाच्या कोडेकपुढे ‘पीसीएम अंडरस्कोर एस१६एलई’ लिहावे आणि शेवटी एमओव्ही हे विस्तारनाम असलेले नवे नाव द्यावे. ‘कॉपी’ हा शब्द विसरला, तर एफएफएमपेग चित्र पुन्हा संकुचित करू लागते. मिनिटाभराच्या फाइलला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागतो आहे असे दिसले, की आदेश थांबवून हा शब्द आहे की नाही ते तपासावे.

एका बाबतीत विशेष जपावे. एफएफएमपेगला वेगळे काही सांगितले नाही, तर ते आवाजाचा एकच ट्रॅक उचलते. ओबीएस या स्क्रीन मुद्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर ध्वनिमुद्रण करताना माइक आणि संगणकाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवला असेल, तर त्यातला एक कोणतीही सूचना न देता गळून पडतो, आणि मूळ फाइल पुसून झाल्यावर ते लक्षात आले तर काहीच करता येत नाही. म्हणून ‘मॅप’ या पर्यायाने चित्राचा ट्रॅक आणि आवाजाचे सर्व ट्रॅक असे स्वतंत्रपणे मागावेत. फाइलमधील सरसकट सगळे काही मागू नये, कारण काही फोन चित्रासोबत इतर माहितीचाही ट्रॅक ठेवतात आणि त्यामुळे काम अडू शकते. २०२४ साली आलेल्या आयफोन १६ मालिकेतील फायलींत नेहमीच्या एएसीबरोबर अवकाशीय ध्वनीचा (स्पेशियल ऑडिओ) दुसरा ट्रॅकही असू शकतो. तेथे मात्र केवळ एएसीचा ट्रॅक निवडणे श्रेयस्कर.

आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून टाइमलाइनवर चित्राखाली ठेवावा, असाही सल्ला दिला जातो. संपादन अर्धे झाले असेल तर तो मार्ग घ्यावा लागतो, पण पहिली पसंती त्याला देऊ नये. एएसीच्या आरंभी एन्कोडरने, म्हणजे आवाज संकुचित करणाऱ्या साधनाने, घातलेले काही रिकामे नमुने असतात, अनेकदा १०२४ किंवा २११२. ४८,००० हर्ट्झला २११२ नमुने म्हणजे ४४ मिलिसेकंद, आणि सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. वेगळा आवाज काढणाऱ्या साधनाने हे नमुने वगळले नाहीत, तर ओठ आणि शब्द यांत एका चौकटीचे अंतर पडते, जे मुलाखतीत जाणवते आणि टाळ-मृदंगाच्या चित्रणात तर खटकतेच. चित्र आणि आवाज एकाच डब्यात राहिले, तर वेळेच्या खुणा त्यांच्यासोबत राहतात.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आजींच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपल्या होत्या. संपादनात आवाज येईना, म्हणून त्यांनी ती फाइल एका संकेतस्थळावर बदलून घेतली. आवाज आला, पण जात्याची घरघर पातळ झाली आणि ओवीच्या शेवटचे लांबवलेले स्वर धातूसारखे वाजू लागले. संकुचित आवाज पुन्हा संकुचित केला, की असे होते. पीसीएम गेलेला तपशील परत आणत नाही, पण असलेला तपशील घालवतही नाही. मूळ फाइल सुदैवाने फोनमध्येच होती. म्हणून रूपांतरित फायली नेहमी निराळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि मूळ फायली काम पूर्ण होईपर्यंत, खरे तर त्यानंतरही, जपाव्यात.

लिनक्सवरील विनामूल्य आवृत्तीत आवाजासोबत चित्रही येत नसेल, तर अडचण एच.२६४ची आहे आणि तेथे चित्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही. डीएनएक्सएचडी किंवा डीएनएक्सएचआर या संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यवर्ती कोडेकमध्ये रूपांतर करावे आणि डिस्कवरील जागेचा आधी अंदाज घ्यावा: सेकंदाला १२० मेगाबिटच्या डीएनएक्सएचडीला मिनिटामागे ९०० मेगाबाइट लागतात. तासाभराच्या चित्रणाला हे परवडत नसेल, तर केडेनलाइव्ह वा शॉटकट ही संपादनाची सॉफ्टवेअर वापरणे अधिक व्यवहार्य ठरते, कारण ही दोन्ही एफएफएमपेगवर चालतात आणि एएसी वाचतात. फेडोरा या लिनक्स वितरणावर मात्र सोबत येणाऱ्या एफएफएमपेगमधून काही कोडेक वगळलेले असतात. आरपीएम फ्यूजन या भांडारातून पूर्ण आवृत्ती घेतली, की तिथली अशीच अडचण दूर होते.

विंडोजवर अशी तक्रार आली, तर दोन ठिकाणी पाहावे. कार्यप्रणालीच्या नावात ‘एन’ असेल, तर तिच्यात माध्यमांची सोयच नसते. युरोपीय आयोगाच्या २००४ सालच्या निर्णयानंतर अशा आवृत्त्या निघाल्या. सेटिंगमधील ऐच्छिक सुविधांमधून ‘मीडिया फीचर पॅक’ घेऊन संगणक पुन्हा सुरू करावा. दुसरे म्हणजे, विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवलेल्या संगणकात एसी-३ची सोय अंगभूत नसते, त्यामुळे जुन्या हॅंडीकॅमच्या फायली तेथे मुक्या होऊ शकतात. उपाय वर सांगितलेलाच: आवाज पीसीएममध्ये उलगडावा.

काम पूर्ण झाल्यावर हीच मर्यादा उलट दिशेने भेटते, कारण जे रिझॉल्व्ह लिनक्सवर एएसी वाचत नाही, ते तिथे एएसी लिहीतही नाही. अंतिम फाइल एमओव्हीमध्ये पीसीएम आवाजासह काढावी. यूट्यूब ती स्वीकारते. व्हॉट्सॲपवर पाठवायची प्रत हवी असेल, तर त्या फाइलमधील आवाज एफएफएमपेगने पुन्हा एएसीत बदलावा, आणि चित्र एच.२६४ असेल तर तेथेही ‘कॉपी’च लिहावे. पाठवण्यापूर्वी ती प्रत फोनवर उघडून पहिली आणि शेवटची दहा सेकंदे ओठांकडे पाहत ऐकावीत.