वेबसाइट करताय? आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

सांगली-साताऱ्यात छोटा धंदा करणाऱ्या माणसाकडे आज स्मार्टफोन आहे, फेसबुक पेज आहे, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक आहे. वेबसाइट काय, होस्टिंग काय, हे ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक असतं, ते पुन्हा सांगत बसत नाही. लोक सगळ्यात जास्त जिथे अडकतात ती जागा आधी दाखवतो, ती म्हणजे डोमेनची, म्हणजे साइटच्या '...डॉट कॉम' अशा पत्त्याची, मालकी. रंग, लोगो, फोटो, जाहिरात, सगळं मागाहून सुधारता येतं. डोमेन मात्र दुसऱ्याच्या ईमेलवर नोंदलं गेलं की परत मिळवताना घाम फुटतो.

व्यवहार साधारण असा होतो. ओळखीतला मुलगा किंवा गावातली एजन्सी 'डोमेन, होस्टिंग, साइट, सगळं मिळून आठ हजार' असं पॅकेज देते. डोमेन घेतलं जातं त्यांच्याच खात्यातून, त्यांच्याच ईमेलवर, कारण त्यांना ते सोपं पडतं. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. दोन-तीन वर्षांनी तो मुलगा पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडतात आणि एके दिवशी तुमच्या साइटच्या जागी भलतंच पान उघडतं. तोवर बेदाण्याच्या बॉक्सवर, बिलावर, दुकानाच्या बोर्डावर तेच नाव छापलेलं असतं. शेत घेताना सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते बघितल्याशिवाय आपण इसार देत नाही. इथेही तेवढंच कडक राहायचं.

साइट आधीच असेल तर आजच तपासा. 'हूइज लुकअप' (डोमेनची नोंद ऑनलाइन शोधणं) केल्यावर डोमेनची मुदत आणि ते कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे आहे, एवढं कळतं. मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. खरी परीक्षा एकच: रजिस्ट्रारच्या साइटवर तुमच्या ईमेलने आणि तुमच्या ओटीपीने लॉगिन होतं का? आत गेल्यावर संपर्काचे रकाने दिसतात: नोंदणीधारक, आणि काही ठिकाणी प्रशासकीय, तांत्रिक, बिलिंग हेही. तांत्रिक रकान्यात डेव्हलपर असला तरी चालेल. नोंदणीधारकाच्या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं नाव आणि तुमचा ईमेल हवा. तो ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि खातं सोडवायची लिंक नेमकी तिथेच जाते. साधा जीमेल पुरतो. नवीन नोंदणीनंतर ईमेलची खात्री करायला सांगणारं पत्र येतं. डॉट कॉमसारख्या डोमेनला ती खात्री १५ दिवसांत केली नाही तर डोमेन तात्पुरतं बंद केलं जातं. नवी साइट तिसऱ्या आठवड्यातच गायब झाली म्हणून लोक हादरतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात सापडलं, तर भांडू नका. गोडीगुलाबीने मागा, आणि मागताना नेमकं मागा. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर एका खात्यातून दुसऱ्यात सरकवणं सगळ्यात सोपं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डेव्हलपरने डोमेनचं लॉक काढायचं आणि 'ऑथ कोड' (हस्तांतरणासाठीचा गुप्त कोड) द्यायचा. तुम्ही नव्या रजिस्ट्रारकडे तो कोड टाकून पैसे भरायचे. डॉट कॉमचं हस्तांतरण साधारण आठवड्यात होतं आणि मुदतीत एक वर्षाची भर पडते. नोंदणीनंतर पहिले ६० दिवस मात्र हस्तांतरण होत नाही, त्यामुळे कोणी 'पुढच्या महिन्यात करून देतो' म्हणालं तर तारीख मोजून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे जाणती माणसंही घसरतात. डोमेन हलवण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे डोमेन कुठे कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या नोंदींच्या, पानाचे स्क्रीनशॉट घ्या. ए रेकॉर्ड साइट कुठे आहे ते सांगतो, एमएक्स रेकॉर्ड ईमेल कुठे जायचा ते सांगतो, टीएक्सटी रेकॉर्डमध्ये ईमेलच्या खरेपणाच्या एसपीएफसारख्या नोंदी असतात. नेमसर्व्हर (या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर हस्तांतरणानंतर या नोंदी आपोआप येतीलच असं नाही. साइट तर बंद पडतेच, आणि ऑर्डरचे ईमेलही परत जायला लागतात. साइट बंद पडलेली कोणीतरी फोन करून सांगतो, ईमेलचं मात्र आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या ठिकाणी नोंदी आधी भरा, मग नेमसर्व्हर बदला, मग दुसऱ्याच खात्यातून स्वतःला एक ईमेल पाठवून बघा.

मुदत संपलीच, तर लगेच हातपाय गाळू नका. डॉट कॉमला बहुतेक रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतात. ती संपल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, पण त्यात दंड जबर. त्यानंतर पाच दिवसांनी नाव खुलं होतं आणि कुणीही घेऊ शकतो. तक्रार करून परत मिळवायचं म्हटलं तर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो, आणि डॉट कॉमसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फीच १५०० डॉलर आहे. किराणा दुकानाला किंवा भडंगवाल्याला तो रस्ता परवडणारा नाही. नूतनीकरण 'ऑटो' वर टाकून निर्धास्त राहू नका. कार्डातून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ पासून कडक झाले आहेत, आणि परदेशी रजिस्ट्रारकडची कपात बऱ्याचदा अडते. एकदम तीन ते पाच वर्षांचं भरून टाका. पहिल्या वर्षाचा १९९ रुपयांचा भाव बघून उडी मारू नका, दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा.

मालकीचा हाच नियम गूगल बिझनेस प्रोफाइललाही लावा. नकाशावरची ती नोंद साताऱ्यातल्या दुकानाला वेबसाइटपेक्षा जास्त गिऱ्हाईक देते, हे माझं ठाम मत आहे. मुख्य मालक तुमचा जीमेल, डेव्हलपर फक्त व्यवस्थापक. तुम्हाला नव्याने मालक म्हणून जोडलं असेल तर पहिले सात दिवस सगळे अधिकार मिळत नाहीत, हे धरून चाला. नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर 'मालकी मागा' हा पर्याय असतो. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर बहुतेकदा स्वतः पडताळणी करायची संधी मिळते. पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओने होते: रस्ता, बोर्ड, आतला माल आणि तुम्ही स्वतः शटरचं कुलूप उघडताना, हे सगळं एकाच सलग चित्रीकरणात घ्या. कापून जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

नावाच्या रकान्यात बोर्डावर आहे तेवढंच नाव. त्यापुढे 'सांगलीतील सर्वोत्तम हळद होलसेल' असं शेपूट जोडलं की नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती परत सुरू करून घेण्यात ऐन सीझन जातो. घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईकाकडे जाऊन सेवा देत असाल तर पत्ता लपवा आणि सेवेचा परिसर भरा, २० पर्यंत भाग देता येतात. निव्वळ ऑनलाइन काम करणाऱ्या फ्रीलान्सरला मात्र ही नोंद नियमाने मिळत नाही. खोटा पत्ता घालून मिळवू नका. 'तुमचं गूगल लिस्टिंग आज बंद होणार, पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. या नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही.

सांगलीकरांसाठी एक जास्तीची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. पासवर्डची वही आणि बॅकअपची हार्डडिस्क दोन्ही तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात असतील तर ती एकाच वेळी जातात. एक प्रत घरी वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. ओटीपीचा नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. तो पुढे दुसऱ्याला दिला जातो.

साइटवर काय असावं याचा फार घोळ घालू नका. सुरुवातीला चार-पाच पानं बस झाली. पहिल्या पडद्यावर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: काय विकता, कुठे आहात, आणि दाबला की लागणारा फोन नंबर. भाव लिहा. 'भावासाठी संपर्क करा' वाचून निम्मे लोक मागे फिरतात, निदान 'इतक्यापासून पुढे' तरी लिहा. फोनवर काढलेला फोटो तीन ते पाच एमबीचा असतो; तो तसाच चढवला की खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात साठवा, फोटो २०० केबीच्या आत बसतो. पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं फुकट साधन आहे. त्यातला 'मोबाइल' हा भाग बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे.

मराठी मजकुराचा एक घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. पत्रक किंवा फ्लेक्स डीटीपीवाल्याने जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये केलेला असतो. तोच मजकूर साइटवर चिकटवला की निरर्थक अक्षरं उमटतात. मग सोपा उपाय म्हणून फ्लेक्सचंच चित्र टाकलं जातं. चित्रातला मजकूर शोधात नीट सापडत नाही आणि फोनवर वाचताही येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत) नव्याने टाइप करून घ्या, दोन तासांचं काम आहे. आपले लोक शोधताना बहुतेकदा रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून पानाच्या शीर्षकात गावाचं आणि मालाचं नाव दोन्ही लिप्यांत असू द्या.

'आम्हाला लिहा' हा फॉर्म दर महिन्याला स्वतः भरून बघा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनातले फॉर्म होस्टिंगवरून थेट ईमेल पाठवतात आणि ते स्पॅममध्ये जातात. एसएमटीपीचं (ईमेल पाठवण्याच्या रीतसर पद्धतीचं) प्लगइन, म्हणजे जोड-साधन, लावून ईमेल रीतसर खात्यातून पाठवला की हा त्रास मिटतो. फुकट मिळालेली 'नल्ड' थीम, म्हणजे विकतच्या तयार साच्याची चोरटी प्रत, अजिबात वापरू नका. त्यात बहुधा दुसऱ्याचा कोड लपलेला असतो आणि काही महिन्यांनी तुमच्या पेढ्यांच्या साइटवर औषधांच्या जाहिराती उगवतात.

जाहिरातीचं खातंही तुमच्याच नावाने उघडा आणि एजन्सीला त्यात प्रवेश द्या. त्यांच्या खात्यातून जाहिरात चालली तर वर्षभरात काय चाललं, काय नाही, याचा सगळा हिशेब त्यांच्याकडेच राहतो. गूगल जाहिरातीत ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले' असा असतो. साताऱ्यातल्या दातांच्या दवाखान्याने तो बदलून 'तिथे असलेले' एवढाच ठेवावा. कासजवळच्या होमस्टेचं गणित उलटं: त्याचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसलेलं आहे, म्हणून ठिकाण पुणे आणि मुंबई निवडायचं. फुलांचा बहर सप्टेंबरच्या आसपास असतो, त्यामुळे पान आणि दर ऑगस्टच्या सुरुवातीलाच तयार हवेत. 'नोकरी', 'कोर्स', 'फुकट' हे शब्द नकोशा शब्दांच्या यादीत टाका. हिशेब साधा ठेवा: ३००० रुपये गेले, २० फोन आले, चार ऑर्डर मिळाल्या, तर एक ऑर्डर ७५० रुपयांना पडली. एका ऑर्डरमागे २०० रुपये सुटत असतील आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येणारं नसेल, तर जाहिरात थांबवा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ लोक बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून माल देतानाच 'नंबर सेव्ह करा' म्हणा आणि खोक्यावर क्यूआर छापा. विकत आणलेल्या नंबरांवर निरोप पाठवलात तर लोक तक्रार करतात आणि नंबर बंद होतो. धंद्याचा नंबर बंद होणं हे डोमेन जाण्याइतकंच वाईट.

'१५ दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर' असं सांगणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. नव्या साइटला महिने लागतात, आणि पहिल्या पानाची हमी कुणीच देऊ शकत नाही. ज्याच्याकडून शिकायचं त्याने आधीच्या गिऱ्हाइकांना पासवर्ड स्वतःहून दिले होते का, एवढं विचारा. दिले असतील तर तो माणूस धरून ठेवा, चार पैसे जास्त घेत असला तरी.

आता जे स्वतःच फ्रीलान्सर आहेत, दुसऱ्यांच्या साइट बनवतात, त्यांच्यासाठी. बिल थकतं, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, आणि डोमेन रोखून धरायचा मोह होतो. ते करू नका. छोट्या गावात असली गोष्ट कानोकानी फिरते आणि पुढची कामं जातात. त्याऐवजी डोमेन पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, त्याच्याच यूपीआयने घ्यायला लावा, आणि साइट मात्र शेवटचा हप्ता मिळेपर्यंत तुमच्या चाचणीच्या पत्त्यावर ठेवा. निम्मी रक्कम आगाऊ, चाळीस टक्के रचना पसंत पडल्यावर, दहा टक्के साइट सुरू करण्याआधी. फेरफार दोन वेळा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून मंजूर करून घ्या. मजकूर आणि फोटो गिऱ्हाईक किती दिवसांत देणार हेही त्यातच लिहा. निम्मी कामं त्यापायीच लटकतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. ती असली की थकलेल्या बिलासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या विलंब भरपाईच्या तरतुदीकडे बोट दाखवता येतं: लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. तेवढी एक ओळ बिलाखाली छापून टाका.