पहिला खांब कुठे होता? व्हीआर स्मृतिचाचणी घेताना

अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गाठी मेंदूच्या सालीत सगळ्यात आधी दिसतात त्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये. आपण कुठून निघालो, किती वळलो, याचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रिड पेशीही तिथल्याच. म्हणून शब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी माणसाला व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये दिसणाऱ्या आभासी जगात, चालवून पाहायचं: सुरुवातीच्या जागी परत पोचता येतं का. केंब्रिजच्या गटाने २०१९ मध्ये सौम्य स्मृतिदोष असलेल्यांवर ही चाचणी वापरली. मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीत अल्झायमरच्या खुणा सापडलेल्यांची चूक, त्या न सापडलेल्यांपेक्षा मोठी निघाली.

चालायला साधारण साडेतीन बाय साडेतीन मीटर मोकळी जागा हवी, शिवाय भिंतीपर्यंत हातभर अंतर. हेडसेटला बेस स्टेशन (त्याची जागा ओळखायला मदत करणारी उपकरणं) लागत असतील तर ती समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, दोन मीटरपेक्षा उंच लावा. आरसा किंवा काचेचं कपाट असेल तर झाका, नाहीतर ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटची जागा ओळखणं, उडतं.

पंखा बंद करा, रस्त्याकडची खिडकी लावा. हे फार जण विसरतात. हॉर्न कुठल्या बाजूने येतोय हे कळलं की दिशा कानांनीच सापडते आणि तुम्ही स्मृती न मोजता श्रवण मोजता. हेडसेटची लोंबणारी वायरही तशीच चुगली करते. ती मागून सहायकाने उचलून धरावी. पडू नये म्हणून तसंही कुणीतरी हाताच्या अंतरावर लागतंच.

चष्मा राहू द्या. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटवर जुळवा आणि चित्र स्पष्ट दिसतंय का ते विचारा. चक्कर, मोतीबिंदू, दुखरे गुडघे आधीच विचारून नोंदवा.

चाचणी अशी: एक खांब दिसतो, तिथे पोचलं की तो नाहीसा होतो, मग दुसरा, मग तिसरा. त्यानंतर सांगायचं, "काका, पहिला खांब जिथे होता तिथे परत जा. पोचलात असं वाटलं की बटण दाबा." एवढंच. "डावीकडे होता ना?" असं सोबत आलेल्या मुलीने म्हटलं की ती फेरी बाद, त्यामुळे नातेवाइकांना बाहेर बसवा. सरावाच्या दोन-तीन फेऱ्या मोजू नका. परतीच्या वाटेवर कधी काही बदलत नाही, कधी जमिनीवरची नक्षी जाते, कधी क्षितिजावरच्या खुणा जातात. तिन्ही प्रकारांच्या समान फेऱ्या घ्या, क्रम मिसळा, अधूनमधून बसवून पाणी द्या. बरोबर-चूक सांगू नका.

बटण दाबलेली जागा आणि खरी जागा यांतलं अंतर ही चूक. ती सेंटिमीटरमध्ये लिहा. वळण्यातली आणि अंतरातली चूक वेगळी काढा. एखादी फेरी फारच भरकटली तर आधी ट्रॅकिंगची नोंद बघा, मग माणसाकडे.

अक्षरओळख लागत नाही हा इथला मोठा फायदा. पण वय वाढलं की निरोगी माणसाचीही चूक वाढते, म्हणून तुलना त्याच वयाच्या लोकांशीच. आणि बी१२, थायरॉइड, नैराश्य तपासल्याशिवाय अहवालात "अल्झायमर" हा शब्द लिहू नका. या चाचणीवरून पुढच्या तपासण्यांसाठी पाठवता येतं, निदान करता येत नाही.