एडिटिंगला बसण्याआधी विचारा: फायनल कोण करणार?

सोलापुरात लग्नाचा व्हिडिओ असो की चादर कारखान्याची एक मिनिटाची जाहिरात, एडिटिंगचं काम रखडतं ते बहुतेक वेळा गिऱ्हाइकाशी बोलणं अर्धवट राहिल्यामुळे.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "फायनल कोण करणार?" माझं एक काम नवरदेवाने मोबाईलवर बघून 'एकदम झकास' म्हणत पास केलं. तीन आठवड्यांनी घरच्यांनी टीव्हीवर लावलं, तेव्हा कळलं की आत्या एकाही शॉटमध्ये नाहीत! पुन्हा फुटेज उघडा, पुन्हा गाणं जुळवा, पुन्हा रेंडर. चूक माझीच. घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना मी विचारलंच नव्हतं. आता 'हवीतच' अशा माणसांची यादी फोटोंसकट मागून घेतो.

व्हिडिओ किती लांब, दाखवणार कुठे, हेही तेव्हाच ठरवा. रीलला उभी फ्रेम लागते, १०८० बाय १९२०. टीव्हीला आडवी, १९२० बाय १०८०. आडव्या शूटमधून नंतर उभं कापायला गेलं की नवरा राहतो आणि नवरी जाते.

विधींची माहिती मात्र निवांत बसून घ्या. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू लग्नांत वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, तोच मुहूर्ताचा क्षण. मंगलाष्टकांची वाट बघणारा एडिटर तो दोन सेकंदांत उडवून मोकळा होतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, व्हिडिओचंही तसंच. अक्षता सोहळ्यातलं 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' तुम्ही पार्श्वसंगीताखाली दाबलंत, तर बाकी एडिटिंग कितीही देखणं असो, सोलापूरकर ऐकून घेणार नाही.

मग रफ कट, म्हणजे शॉट नुसते क्रमाने जोडलेला कच्चा व्हिडिओ. त्यावर वॉटरमार्क टाका आणि सोबत लिहा, "रंग आणि आवाजाचं काम बाकी आहे, फक्त क्रम आणि लांबी बघा." हे लिहिलं नाही तर पहिला मेसेज येतो, "चेहरे काळे दिसतायत." व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओसारखं पाठवलं की फाइल दाबली जाते आणि चित्र फुटतं.

बदल वेळेसकट मागा. "मधलं जरा बोर होतंय" यावर काय करणार? "४:१२ ते ४:४०, पंगत, निम्मी करा" असं हवं. गिऱ्हाईक असं लिहीत नाही, व्हॉइस नोट पाठवतं, तीही गाडीवरून. ती ऐकून यादी तुम्हीच करा, उलट पाठवा आणि "एवढंच ना?" विचारा. होकार आल्याशिवाय टाइमलाइनला हात लावू नका. घरातल्या चौघांनी चार मेसेज केले, तर ज्याने फायनल करायचं त्यालाच ते एकत्र करायला सांगा. ठरलेल्या पैशांत बदलाच्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे, हे आधीच सांगा. ओळखीतल्या माणसाला नंतर सांगताना जीभ अडखळते.

दुसऱ्या फेरीनंतर "कट पक्का" असं लेखी घ्या. संगीताचे ठोके कटवर बसवलेले असतात. मधला एक शॉट काढला की पुढचं सगळं सरकतं. रंग आणि आवाज त्यानंतरच. कारखान्याच्या जाहिरातीला सिनेमाचं गाणं मागितलं तर नाही म्हणा, परवान्याचं संगीत ऐकवा.

पैसे: निम्मे आगाऊ, उरलेले वॉटरमार्क नसलेली फाइल देण्याआधी.

राहिलं मूळ फुटेज. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी. ते कुठवर सांभाळणार याची तारीख पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. तारखेच्या आठ दिवस आधी फोन करून सांगा, "हार्ड डिस्क घेऊन या, कॉपी करून देतो."